वाचकांचे प्रश्न : मोठा गुन्हा चालेल, पण छोटा माणूस नको!

मागच्या अंकात काझुओ इशिगुरो यांच्या 'ॲन आर्टिस्ट ऑफ द फ्लोटिंग वर्ल्ड' या कादंबरीवर मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, आणि त्यावर इतक्या मेल आल्या की या महिन्याचं सदर त्यातच जाणार असं दिसतंय. बहुतेक सगळ्या आपल्या नाशिकच्याच, त्यामुळे घरच्यासारखी उत्तरं देते, रागावू नका.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी १९८६ ची. जपानमधलं एक शहर, नाव दिलेलं नाही, युद्ध हरून झालंय, आणि ऑक्टोबर १९४८ ते जून १९५० एवढ्या काळात मासुजी ओनो नावाचे रिटायर्ड चित्रकार आपल्याशी बोलत राहतात. युद्धाआधी यांनी लष्करशाहीला पोषक अशी चित्रं काढून मोठं नाव कमावलं. आता त्याच नावाची अडचण झालीये. बायको आणि मुलगा युद्धात गेले, थोरली सेत्सुको सासरी, धाकटी नोरिकोचं जमवायचंय आणि तिचं आधीचं स्थळ अगदी ऐनवेळी मोडलंय. पुढे मी शेवटासकट सगळं बोलणारे, ज्यांना चालत नाही त्यांनी पान उलटा.

"ताई, तुमच्या भरवशावर पुस्तक घेतलं आणि साठाव्या पानावर अडकलोय. म्हातारबुवा एक गोष्ट सांगायला घेतात आणि मध्येच भलतीकडे जातात. यात पुढे काही घडणार आहे का?" (कॉलेज रोड)

नाही हो. घडायचं ते सगळं घडून गेलंय, आता ते कुठल्या क्रमानं सांगायचं एवढंच त्यांच्या हातात आहे आणि त्याचा ते पुरेपूर फायदा घेतात.

एक करून बघा, हातात पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे ते विषय बदलतात तिथे खूण करा, की आत्ता हे नक्की काय सांगणार होते. कुरोदाचंच घ्या ना. हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. सुरुवातीला कळतं ते एवढंच की युद्धानंतर एकदा तो रस्त्यात दिसला, पडक्या इमारतींमध्ये, पावसात, मोडकी छत्री घेऊन, त्यानं यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून निघून गेला. का? ते सांगायचं टाळतात. मग थोड्या वेळानं कळतं की तो जेलमध्ये होता. मग अजून बऱ्याच पानांनी कळतं की त्याच्याबद्दल सरकारी कमिटीला सांगितलं होतं ते खुद्द ओनोंनीच. त्यांची अपेक्षा होती की कोणीतरी येऊन पोराला दोन शब्द सुनावेल, बस. ते कुरोदाच्या घरी पोचतात तेव्हा तिथे पोलीस आहेत आणि मागच्या अंगणात त्याची चित्रं जळतायत.

आता त्याआधीचं एक पान आठवा. ओनो लहान आहेत, पंधरा वर्षांचे असतील, वडील व्यापारी, पाहुण्यांच्या खोलीत बोलावतात आणि काढलेली सगळी चित्रं घेऊन ये म्हणतात. समोर राखेचं भांडं. आई मध्ये पडायला बघते. जाळताना आपल्याला काहीच दाखवलेलं नाही, मुलगा बाहेर जातो आणि नंतर घरात जळका वास येतो एवढंच. त्या वासाचं म्हाताऱ्याला आयुष्यभर वावडं आहे, कारण विचाराल तर म्हणणार बॉम्बहल्ले आठवतात. बापानं जे आपल्याबरोबर केलं तेच आपण विद्यार्थ्याबरोबर केलं हे वाक्य पुस्तकात कुठेच नाही, म्हणून तर ते सापडलं की अंगावर येतं. साठाव्या पानावर सोडू नका प्लीज.

"मी चित्रकला शिक्षक होतो, वर्षानुवर्षं पोरांना गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, लँडस्केपला घेऊन जायचो, नारोशंकर, रामकुंड, सांडव्यावरची देवी, सगळं. मला कळत नाही की या चित्रकारानं एवढं काय पाप केलं? चित्रंच तर काढली. असे चित्रकार खरंच होऊन गेले का?" (पंचवटी)

सर, झाले, आणि चांगले मोठमोठे झाले. ओनो काल्पनिक आहेत पण त्यांच्या आजूबाजूचं जग खोटं नाही.

योकोयामा ताईकान हे जपानी शैलीतलं केवढं मोठं नाव, फुजी पर्वत काढावा तर त्यांनीच. त्यांनी १९४० मध्ये समुद्राची दहा आणि डोंगराची दहा अशी वीस चित्रं काढली, विकली आणि आलेले पैसे सैन्याला लढाऊ विमानांसाठी दिले. चित्रात काय, तर फुजी आणि लाटा. बंदूक नाही, सैनिक नाही. तुमच्या 'चित्रंच तर काढली' ला याहून अवघड उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरे फुजिता त्सुगुहारू. १९१३ ला पॅरिसला गेले आणि १९२० च्या दशकात तिथे त्यांचा नुसता बोलबाला होता, दुधासारख्या पांढऱ्या रंगातल्या बायका आणि मांजरं. नंतर मायदेशी परतले आणि युद्धात लष्करासाठी भलेमोठे कॅनव्हास रंगवले. मे १९४३ मध्ये अट्टू बेटावर जपानी तुकडी जवळपास शेवटच्या माणसापर्यंत मारली गेली, त्यावरचं त्यांचं चित्र त्याच वर्षी प्रदर्शनात लागलं, नुसता देहांचा चिखल, काळा-तपकिरी, त्यात कोण जपानी आणि कोण अमेरिकन कळत नाही. लोक त्याच्यासमोर हात जोडायचे, पैसे ठेवायचे असं सांगतात. आता हे युद्धाच्या बाजूचं चित्र की विरुद्धचं? भांडण अजून मिटलेलं नाही. हरल्यावर मात्र सगळ्या कलाजगतानं बोट यांच्याकडे दाखवलं, हे १९४९ मध्ये देश सोडून गेले, पुढे फ्रेंच नागरिक झाले आणि १९६८ ला वारले, परत आले नाहीत. अशी सगळ्या चित्रकारांची मिळून १५३ युद्धचित्रं अमेरिकेनं ताब्यात घेतली होती, ती १९७० मध्ये जपानला परत दिली, तीही 'बेमुदत उसनी' म्हणून.

आणि राजकारणासाठी चित्र काढणं हेच वाईट असं म्हणाल तर तेही नाही पटत. नंदलाल बोसांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी पोस्टरं केली, गांधीजींच्या सांगण्यावरून, त्यात कुंभार, ढोलकवाला, धान्य कांडणाऱ्या बायका. चित्तप्रसाद १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये पायी हिंडले, भुकेल्या माणसांची स्केचेस केली आणि त्यांचं पुस्तक इंग्रजांनी जप्त करून नष्ट केलं. इथेही चित्रंच होती सर, आणि सरकारला त्यांची भीती वाटलीच की.

ओनोंचं घसरणं म्हणूनच इतकं वाईट वाटतं, कारण सुरुवात अगदी चित्तप्रसाद यांच्यासारखीच आहे! त्यांचा मित्र मात्सुदा त्यांना झोपडपट्टीत नेतो, तिथे तीन पोरं काठ्या घेऊन कुठल्याशा जनावराला छळत उभी दिसतात. त्यावरून ओनो चित्र काढतात, फाटक्या कपड्यातली पोरं, आणि वरच्या बाजूला बारमध्ये बसलेले तीन सुटाबुटातले शेठ. राग खरा आहे. पण पोरांचे चेहरे आत्ताच लढवय्यांसारखे केलेत. मग काही वर्षांनी त्याच चित्राची सुधारित आवृत्ती येते, त्यात पोरांचे सैनिक झालेत, मागे उगवत्या सूर्याचा लष्करी झेंडा, आणि दुसरीकडे वळवळणारे पुढारी. उपाशी पोरं कुठे गेली? रचना तीच ठेवली, फक्त माणसं बदलली. तुमच्या वर्गात एखाद्यानं असं केलं असतं तर तुम्ही लगेच पकडलं असतंत.

"इंग्रजी बेताचं आहे, जमेल का? आणि फ्लोटिंग वर्ल्ड म्हणजे नक्की काय?" (इंदिरानगर)

जमेल. वाक्यं साधी आहेत, जपानी माणूस अदबीनं बोलतोय आणि कोणीतरी इंग्रजीत सांगतोय असा सूर आहे. नावांचाच घोळ होतो, तेवढी मागच्या पानावर लिहून ठेवा. फ्लोटिंग वर्ल्ड म्हणजे जुन्या जपानी शहरातली रात्रीची रंगीत दुनिया, दिवे, मद्य, नाटकवाले, गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, सकाळी विरून जाणारी. उतामारो वगैरे जुन्या चित्रकारांची लाकडी ठशांची चित्रं त्याचीच. ओनोंचे गुरू मोरियामा हेच जग पकडायच्या मागे होते आणि ओनो त्यांना सोडून झेंड्याकडे गेले.

"शेवट डोक्यावरून गेला. ओनो मुलीच्या सासरच्यांसमोर माफी मागतात तेव्हा मला रडू आलं. पण नंतर सेत्सुको म्हणते की असं काही नव्हतंच, तेव्हा मला फसवल्यासारखं झालं. खरं कोण बोलतंय?" (सिडको)

हाच प्रश्न सर्वात जास्त जणांनी विचारलाय, त्यामुळे जरा पसरून सांगते.

आधी तो प्रसंग. नोरिकोचा कार्यक्रम हॉटेलात आहे, दोन्हीकडची माणसं, जेवण, जपानी कांदेपोहेच म्हणा. आणि आपल्याकडे जशी कोणाकोणाला फोन करून गुपचूप चौकशी होते तशी तिकडेही, मुलीच्या बापानं पूर्वी काय केलं हे मुलाकडचे शोधणारच. ओनोंना तीच धास्ती. थोडी पिऊन झाल्यावर ते अचानक सगळ्यांसमोर बोलून टाकतात, की माझ्यासारख्यांमुळे देशाचं नुकसान झालं, मी चुकलो, मान्य करतो. टेबलावर सन्नाटा. लग्न जमतं. ओनोंच्या मते यामुळेच जमलं.

मग बऱ्याच महिन्यांनी सेत्सुकोशी बोलताना ती म्हणते, बाबा, त्या दिवशी तुम्ही असं का बोललात ते त्या लोकांना कळलंच नाही, सगळे चक्रावले होते. ओनो म्हणतात, अगं तूच नव्हतीस का सांगितलंस की काळजी घ्या, जुन्या लोकांना भेटून घ्या? ती म्हणते, मी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मग अगदी मऊपणे सांगते, की बाबा, तुम्ही चित्रकार होतात, त्या मोठ्या गोष्टींशी तुमचा तसा काय संबंध, उगाच मनाला लावून घेऊ नका.

आता दोन्ही बाजूंनी वाचता येतं. मुलगी बापाला सांभाळून घेतीये, कारण युद्धाच्या काळात गाजलेली गाणी रचणाऱ्या एकानं अशाच अपराधी भावनेतून जीव दिलाय आणि तिला भीती वाटतीये. किंवा ती खरंच बोलतीये आणि ओनो एवढे महत्त्वाचे कधी नव्हतेच. पुस्तक निकाल देत नाही आणि बरंच करतं.

पण माझं मत विचाराल तर खरं-खोटं यापेक्षा एक गोष्ट बघा, सेत्सुको त्यांना निर्दोष सोडतीये आणि त्यांना ते आवडत नाहीये! ते चिडतात. व्याही डॉक्टर सायतो मला चांगले ओळखायचे, चित्रकार म्हणून माझा मान ठेवायचे, हे पुन्हा पुन्हा सांगायला लागतात. अपराधी माणसाला 'तुझा काही दोष नाही' म्हटलं तर बरं वाटायला पाहिजे ना? यांना नाही वाटत, कारण दोष गेला की त्याबरोबर मोठेपणाही जातो. देश बुडवण्यात माझा हात होता हे त्यांना चालतं, पण माझ्या असण्या-नसण्यानं कोणाला फरक पडला नाही हे चालत नाही. माफीचा तो प्रसंग परत वाचा, त्यात पश्चात्ताप किती आणि अभिमान किती ते बघा. मला तर तिसऱ्यांदा वाचताना तो पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणासारखा वाटला.

पुराव्यादाखल संत्र्यांचं पान घ्या. १९३८ साल, ओनोंना मोठा पुरस्कार मिळालाय, आणि ज्या गुरूंनी कधीकाळी घालवून दिलं त्या मोरियामांच्या बंगल्याकडे ते निघतात, आता ते गुरू मागे पडलेत. स्टेशनबाहेर ताजी संत्री घेतात. डोंगरावर बसतात, खाली बंगला दिसतोय, एकेक संत्र सोलून खातात आणि जिंकल्याचा आनंद घेतात. आणि खाली जातच नाहीत! भेटत नाहीत, बोलत नाहीत. आयुष्यातला सर्वात सुखाचा क्षण कोणता तर हा. मुलांचा जन्म नाही, एखादं चित्र नाही. आता असा माणूस सेत्सुकोचं 'तुमचा काय संबंध' कसं पचवेल सांगा.

मात्सुदा मरायच्या आधी हेच सरळ बोलून जातो, की आपण साधी माणसं होतो, काही खास दृष्टी नव्हती, आता आपल्याशिवाय कोणालाच त्याचं काही पडलेलं नाही. ओनो ऐकून घेतात, आणि मग आपल्याला सांगतात की निदान आम्ही धडपडलो तरी. यांना काही फरक पडत नाही बघा.

त्यामुळे फसवलंय असं वाटलं तर बरोबरच वाटलं, फक्त फसवणारा लेखक नाही, आजोबा आहेत, आणि त्यांनी पहिला नंबर स्वतःचाच लावलाय.

"कुसुमाग्रजांच्या गावात राहून 'नटसम्राट' आठवलं नाही तर पाप लागेल! बेलवलकर आणि ओनो एकच ना?" (गंगापूर रोड)

दोघेही म्हातारे कलावंत, दोघांनाही मुली, दोघांनाही गेलेल्या वैभवाची आठवण, इथपर्यंत एकच. पण १९७० च्या त्या नाटकात आप्पा बेलवलकर जे सांगतात त्यावर आपण शंका घेत नाही, ते मोठे नट होते हे आपण मानूनच चालतो आणि म्हणून त्यांची फरफट बघवत नाही. ओनोंचं उलट. त्यांचं घर आहे, तेही एका नामांकित घराण्याचं, पैशापेक्षा लायकी बघून विकलेलं, मुली नांदतायत, नातू खेळतोय, काही म्हणजे काही कमी नाही, आणि तरी आपण प्रत्येक पानावर विचारत राहतो की हे खरंच एवढे मोठे होते का हो? बेलवलकरांकडून जगानं सगळं काढून घेतलं, ओनोंकडून त्यांच्या शब्दावरचा आपला विश्वास काढून घेतला जातो. कोणतं जास्त वाईट ते तुम्ही ठरवा, माझा कल रोज बदलतो.

आणि हो, नातू इचिरो विसरू नका. समुराई बनून खेळायचं सोडून तो घोड्यावरचा अमेरिकन काउबॉय होतो, पोपाय होऊन पालक खातो. आजोबांनी ज्या जपानसाठी ब्रश चालवला त्याचा निकाल त्या पोराच्या ताटात आहे.

"माझे वडील बोर्ड रंगवायचे, दुकानांचे, ट्रकचे, सिनेमाचे बॅनरही. फ्लेक्स आलं आणि काम बंद झालं. आता रोज तेच किस्से सांगतात पण दर वेळी वेगळे. १९९१ च्या सिंहस्थाचे बोर्ड आधी दहा रंगवले होते, मग पन्नास, आता म्हणतात तपोवनाच्या रस्त्यावरचे सगळे मीच केले. तुमचा लेख वाचून वाटलं यावर कादंबरी लिहावी. पण खरं कसं शोधू?" (नाशिकरोड)

दादा, शोधू नका. म्हणजे लगेच तरी नका. बोर्ड दहा होते की पन्नास हे कळलं तर तुमच्या हातात एक आकडा येईल, कादंबरी नाही येणार. तुम्हाला हवंय ते दहाचे पन्नास कधी झाले ते. तुमचं लग्न झालं तेव्हा? गल्लीत पहिला फ्लेक्स लागला तेव्हा? कोणी पाहुण्यानं विचारलं की काका पूर्वी काय करायचे, तेव्हा?

ओनोंच्या पुस्तकातली एक युक्ती उचला. ते गुरूंचं एक वाक्य सांगतात आणि लगेच म्हणतात की कदाचित हे त्यांचं नसेल, मीच माझ्या विद्यार्थ्यांना असं म्हणायचो. तुमच्या वडिलांनाही त्यांच्या उस्तादांबद्दल विचारा, त्यांच्या तोंडी काय काय येतं ते ऐका, आणि मग तुमच्या आईला किंवा जुन्या जोडीदाराला विचारा की हे कोण म्हणायचं.

मोबाइलवर रेकॉर्ड करा पण समोर ठेवून, लपवून नको. "तुमचं आयुष्य सांगा" असं अजिबात विचारू नका, लगेच भाषण सुरू होतं. हाताच्या कामाचं विचारा. छोट्या फोटोवर चौकोन आखून हिरोचा चेहरा एवढ्या मोठ्या कापडावर कसा न्यायचा, डोळे आधी की नाक, शिडीवर असताना खालून चुकलं की कोण ओरडून सांगायचं, ट्रकच्या मागच्या ओळी ड्रायव्हर सांगायचा की स्वतःच सुचायच्या, पावसात इनॅमल सुकायचं नाही तेव्हा काय करायचे, 'प्रो.' च्या पुढचं नाव चुकलं तर पैसे कोण सोडायचं. यात माणूस खोटं बोलत नाही सहसा, हाताला सगळं आठवत असतं. आणि नेमकं तिथेच, बोलता बोलता, न विचारलेली गोष्ट निसटते.

आणि जे किस्से बदलतात त्यांच्या सगळ्या आवृत्त्या तारखा टाकून जपा, दहाची, पन्नासची, सगळ्या रस्त्याची. कादंबरीत तिन्ही घाला. कुठली खरी ते वाचकाला सांगू नका, तुमच्या वडिलांनाही विचारू नका. लिहून झालं की पहिली दहा पानं मला पाठवा, टाइप केलेली, फोटो काढून नको, माझे डोळे गेलेत.